नव्या सस्पेन्शन बुशची रोड ट्रायल: किती गाड्या, किती किलोमीटर, कुठले रस्ते?

बुशवाला
मंडळी, कामाचा प्रश्न आहे. गाड्यांची जाण असणारे बरेच जण इथे असतात म्हणून विचारतोय.

चाकणला रबर-मेटल पार्ट बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात डेव्हलपमेंटला आहे. एका छोट्या गाडीच्या लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा) मागचा बुश (सांध्यातली गादी, आतल्या-बाहेरच्या नळीत रबर) आम्ही नव्याने केलाय. रबराचं मिश्रण बदललं, साचा नवा, थोडा मऊ केला, कारण कस्टमरला केबिनमधला आवाज कमी हवाय. दिवाळीनंतर फुल प्रॉडक्शन सुरू. आत्ता जून लागलाय, म्हणजे हातात चार महिने. कस्टमरने सहा गाड्या दिल्यात आणि 'प्रत्येकी 40,000 किलोमीटर चालवून दाखवा' एवढंच सांगितलंय. प्लॅन आम्हीच करायचा.

आमचे साहेब म्हणतात, "एक्स्प्रेसवेवर दोन शिफ्टमध्ये पळवा, किलोमीटर पटापट होतात." मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते मीटिंगमध्ये नीट मांडता आलं नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, प्लॅन कुठून सुरू करायचा?

घाटवेडा
एक्स्प्रेसवेवर 40,000 किमी? बुशला झोप लागेल हो. ड्रायव्हरला लागू नये म्हणजे मिळवली.

खिसा_रिकामा
ट्रायल कशाला करता? नवीन मॉडेल आलं की पहिल्या सहा महिन्यांत बुकिंग करणारे आमच्यासारखे लोक असतातच की. स्वतःच्या पेट्रोलने टेस्ट करून देतो, वर शोरूमवाल्याला पेढे.

तेलकट_हात
बुशवाले, तुमचे साहेब किलोमीटर मोजतायत. तुम्ही आधी बुश कसा मरतो ते लिहून काढा. टेस्टिंगमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालोय, म्हणून अधिकाराने सांगतो, निम्म्या रोड ट्रायली 'किती चालवायचं' या प्रश्नाने सुरू होतात आणि तिथेच वाया जातात.

मागचा बुश मरतो कसा? एक, रबराची आतल्या नळीशी असलेली पकड सुटते. दोन, रबर मधूनच फाटतं. तीन, उन्हाने आणि इंजिनच्या गरमीने कडक होतं आणि मग खटखट सुरू होते. चार, आख्खा बुश आर्मच्या घरातून सरकतो. आता एकेकाला विचारा, बाबा तुला कुठल्या रस्त्यावर लवकर मरण येईल? पहिल्या दोघांना ब्रेक आणि खड्डे. ब्रेक दाबला की चाक मागे ओढलं जातं आणि तो सगळा झटका मागच्या बुशवर येतो. म्हणजे तुम्हाला घाटाची उतरण हवी, स्पीड ब्रेकर हवेत, गावातून जाणारा रस्ता हवा. एक्स्प्रेसवेच्या 94 किलोमीटरमध्ये, खंडाळ्याची उतरण सोडली तर ब्रेकला पाय किती वेळा लागतो? चाकण–शिक्रापूर रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता एक फेरी मारा, आणि मोजा.

तिसऱ्यासाठी मात्र रस्ता कामाचा नाही. आणि इथेच तुमच्या प्लॅनमध्ये मोठं भोक आहे. जून ते सप्टेंबर म्हणजे आख्खा पावसाळा. उन्हाळा कुठेय तुमच्या ट्रायलमध्ये?

बुशवाला
काका, दंडवत. उन्हाळ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. पण दिवाळीची तारीख तर पक्की आहे. मे महिना कुठून आणू?

तेलकट_हात
ओव्हनमधून. काही बुश गरम हवेत मुरवून घ्या आणि मग गाडीत बसवा. तापमान दहा अंशांनी वाढलं की रबराचं म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं, हा ढोबळ नियम रबरवाल्यांना पाठ असतो, तुमच्या केमिस्टला विचारा. फार वर चढवू नका, नाहीतर गाडीत कधीच होणार नाही असं काहीतरी ओव्हनमध्ये होईल. सहापैकी दोन गाड्यांत असे म्हातारे बुश, चारमध्ये ताजे.

गणिती_गाढव
मीटिंगमध्ये साहेबांना गप्प करायला आकडे देतो.

समजा तुम्हाला म्हणायचंय की '100 पैकी किमान 90 बुश ठरलेलं आयुष्य काढतील', आणि हे 90 टक्के खात्रीने म्हणायचंय. एकही न फाटता पार पडायला हवेत असे किती बुश लागतात? 22. '100 पैकी 99' म्हणायचं असेल तर 230. हिशेब साधा आहे: 1 ला 0.9 ने गुणत राहा, उत्तर 0.1 च्या खाली कितव्यांदा जातं ते बघा.

आता पळवाट. बुश ठरलेल्या आयुष्याच्या दुप्पट चालवले तर कमी बुश पुरतात. वायबुल उतार (वापर वाढेल तसे बिघाड किती झपाट्याने वाढतात ते सांगणारा आकडा) 2 धरला तर 22 च्या जागी 6. पण हा उतार तुमच्या जुन्या बुशच्या बिघाडांवरून काढायचा असतो, मनाने नाही.

बुशवाला
अरे वा! म्हणजे सहा गाड्या, डावा-उजवा धरून 12 बुश. जमतंय की.

गणिती_गाढव
नाही जमत. एकाच गाडीतले दोन बुश म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ. तोच ड्रायव्हर, तोच रस्ता, तेच वजन. त्यांना 12 स्वतंत्र साक्षीदार म्हणून उभं करता येत नाही. आणि दुप्पट आयुष्य म्हणजे समजा 2 लाख किमी. चार महिन्यांत? रोज साधारण 1,650 किमी. विमानात बसवा बुश.

घाटवेडा
हाहाहा, विमानात बुश.

एनव्हीएच_ताई
म्हणूनच आयुष्य रिगवर, म्हणजे पार्टला झटके देणाऱ्या लॅबमधल्या यंत्रावर मोजतात. एका गाडीच्या आर्मवर स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो ते मोजणारी पट्टी) चिकटवा, तुमच्या ठरलेल्या रस्त्यांवर आठ-दहा दिवस फिरवून किती जोराचे किती झटके बसतात ते रेकॉर्ड करा. लहान-मोठे झटके वेगळे मोजायची रेनफ्लो पद्धत 1968 पासून आहे, सॉफ्टवेअर चुटकीसरशी करून देतं. मग ज्या झटक्यांनी काहीच नुकसान होत नाही ते गाळून उरलेले रिगवर वाजवा. महिन्यांचं काम आठवड्यांत येतं.

फक्त रबराच्या बाबतीत घाई अंगाशी येते. जलद हलवलं की रबर आतून स्वतःच तापतं. रिगवर पंखे लावा आणि बुशचं तापमान बघत राहा. एकदा आमचा एक माउंट रिगवर 'फेल' झाला होता. कापून बघितलं तर आत चिकट लापशी. रस्त्यावर तो माउंट अजून धावतोय.

बोनेट_उघडा
मग रोड ट्रायल हवीच कशाला? सगळं रिगवरच करा ना. आणि पार्ट पुरवणाऱ्या सप्लायरने हा खर्च का करायचा? कस्टमर स्वतः गाडी टेस्ट करतोच.

एनव्हीएच_ताई
@बोनेट_उघडा, कारण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर रिग देतं. चिखल बुशच्या फटीत जाऊन वाळला तर काय होतं? पहाटे गाडी थंड असताना पहिल्या स्पीड ब्रेकरवर किर्रर्र आवाज येतो का? अंडरबॉडी धुताना वॉशिंग सेंटरवाला कसला फवारा मारतो? हे प्रश्न सुचलेच नाहीत तर रिगवर लावणार काय?

खर्चाचं म्हणाल तर पार्ट परत आले की डेबिट नोट कुणाच्या नावाने फाटते, ते बुशवाल्यांना विचारा.

बुशवाला
😐 विचारू नका.

शिफ्ट_बी
मी सहा वर्षं टेस्ट ड्रायव्हर होतो. इंजिनिअर लोकांना सांगून कुणाला पटत नाही ते इथे सांगतो.

ड्रायव्हरला रस्ता तिसऱ्या दिवशी पाठ होतो. पहिल्या दिवशी तुमचा खड्डा चाकाखाली येतो, चौथ्या दिवशी तो चुकवला जातो. मुद्दाम नाही हो, हात आपोआप वळतो. स्वतःच्या कंबरेची काळजी असते ना. म्हणजे कागदावर रस्ता तोच, पण गाडीला मार निम्माच. ड्रायव्हर आणि रूट दर आठवड्याला आलटून-पालटून द्या, आणि एक धक्के मोजायचं यंत्र गाडीतच ठेवा. ते खोटं बोलत नाही.

लॉगशीट बघताना पेन बघा. दर 50 किमीला नोंद करायची असते. आठ नोंदी एकाच शाईत, एकाच तिरक्या अक्षरात असतील तर त्या ढाब्यावर बसून भरल्यात. मीही भरल्यात.

अजून एक. डावी बाजू आधी जाते. डांबर सुटलेली कड, साइडपट्टीची पायरी, सगळं डाव्या चाकाला. समोरून ट्रक आला की गाडी खाली उतरवायची आणि परत वर चढवायची. डाव्या बुशकडे आधी बघा.

गणिती_गाढव
बघा, मी म्हटलं होतं दोन भाऊ. त्यातला धाकटा जास्त मार खातो.

जुना_डेपो
अवांतर: आमचे वडील एसटीच्या वर्कशॉपात होते. 1 जून 1948 ला पुणे–नगर पहिली एसटी धावली, तेव्हापासून महाराष्ट्रात सस्पेन्शनची सगळ्यात मोठी रोड ट्रायल एसटीच करतेय असं ते म्हणत. कमानपाट्याचं पान तुटलं की वडील आधी कंडक्टरला विचारायचे, "आज बाजार कुठला होता?" बाजाराच्या दिवशी टपावर किती पोती चढली, यावर त्यांचं निदान ठरायचं.

अवांतर थांबवतो. मुद्दा एवढाच की गाडीत वजन किती, ते प्लॅनमध्ये लिहिलंय का?

तेलकट_हात
अवांतर कसलं, लाखाचा प्रश्न विचारलात. वजन थोडं वाढलं की नुकसान थोडं वाढत नाही, उडी मारतं. धातूच्या थकव्याचा उतार 5 धरला तर झटका 10 टक्क्यांनी वाढल्यावर नुकसान 1.6 पट होतं. निम्मे किलोमीटर पूर्ण वजनाने, वाळूच्या पिशव्या भरून. पिशव्या बांधा मात्र, नाहीतर पहिल्या वळणावर वाळू गाडीभर.

खड्डेमहर्षी
स्पीड ब्रेकरचा विषय निघालाय तर लिहितो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गोल स्पीड ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, ताशी 25 ने अलगद ओलांडता यावा म्हणून. आमच्या सोसायटीबाहेरचा पाऊण मीटर रुंद आणि वीतभर उंच आहे. सभासदांनी वर्गणी काढून बांधलाय. त्यावरून तुमचा बुश गेला आणि टिकला, तर तो कुठेही टिकेल.

घाटवेडा
पत्ता द्या, ट्रॅकचं भाडं वाचेल.

मिशिगनकर
डेट्रॉइटजवळ असतो. इथे जीएमचं (जनरल मोटर्स) मिलफर्डचं टेस्ट मैदान 1924 पासून आहे. तरी इथले इंजिनिअर सार्वजनिक रस्त्यावर गाड्या घेऊन जातातच. हिवाळ्यात बर्फ गोठून-वितळून जे खड्डे पडतात आणि वर मिठाचं पाणी, तसं मैदानात हुबेहूब करता येत नाही.

तुम्हाला बर्फ नको, पण बाहेरच्या नळीला गंज लागला की रबराची पकड सुटते. कोकणचा एक आठवडा धरा.

गोंयकार
कोकण कशाला, गोव्याक या. समुद्राची हवा, जांभ्याची तांबडी धूळ, आणि पावसात तोच चिखल. ट्रायल संपली की मासे. आणि सॉल्ट स्प्रेच्या (गंज तपासायला मिठाच्या पाण्याचा फवारा मारतात त्या) खोलीत अमुक तास म्हणजे रस्त्यावर अमुक वर्षं असा हिशेब कुणी दिला तर ऐकू नका. त्या खोलीत 5 टक्के मीठ आणि 35 अंश, सतत ओलं. गाडी ओली होते, वाळते, परत ओली होते. गंजाचं खरं काम वाळण्यात चालतं.

लाल_पाटी
एक कायद्याचं विचारतो. या गाड्या नोंदणी झालेल्या आहेत की ट्रेड सर्टिफिकेटवर (बिननोंदणीची गाडी चालवायचा परवाना)? ट्रेडच्या पाटीवर लाल पृष्ठभाग आणि पांढरी अक्षरं असतात. ती मिळते उत्पादकाला किंवा डीलरला, तुमच्यासारख्या पार्टवाल्याला नाही. आणि विमा कंपनीला कळवलंय का, की गाडीत मंजूर नसलेला पार्ट आहे?

बुशवाला
नोंदणी झालेल्या, कस्टमरच्या नावावरच्या आहेत. विम्याचं आजच विचारतो. हे खरंच कुणाच्याच यादीत नव्हतं.

साचा_आणि_मी
इतके प्रतिसाद आले, पण जो बुश गाडीत बसवायचाय तो कुठून आलाय हे एकानेही विचारलं नाही. साचा किती पोकळ्यांचा, म्हणजे एका वेळी किती बुश निघतात? ट्रायलला दिलेले बुश कुठल्या पोकळीतले?

बुशवाला
चार पोकळ्यांचा. बुश... थांबा, विचारून सांगतो.

(थोड्या वेळाने) सगळे पोकळी क्रमांक 1 मधले. लाइनच्या सुपरवायझरने 'दिसायला चांगले' म्हणून वेचून दिले.

साचा_आणि_मी
वाटलंच! मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखी ट्रायल चाललीय तुमची. पीपॅपच्या (प्रॉडक्शनआधी कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायची पद्धत) नियमात सलग किमान 300 नगांचा प्रॉडक्शन रन मागतात तो उगाच नाही. खऱ्या प्रेसवर, खऱ्या कामगारांनी, खऱ्या वेगाने काढलेले नग हवेत. त्या लॉटमधून चारही पोकळ्यांचे घ्या. शिवाय कडकपणाच्या दोन्ही टोकांचे मुद्दाम शोधा, ड्रॉइंगच्या मर्यादेत बसणारे पण अगदी काठावरचे. सगळ्यात मऊ असलेला टिकला आणि सगळ्यात कडक असलेल्याने आवाज केला नाही, तर मधल्यांची काळजी नाही. प्रत्येक बुशवर नंबर कोरा. पेनने लिहू नका, पहिल्या पावसात जाईल.

तेलकट_हात
ताई, (की दादा?) टाळ्या. मी एवढं मोठं लिहिलं आणि हेच विसरलो.

साचा_आणि_मी
ताईच. टूलरूममध्ये 11 वर्षं. 🙂

बोनेट_उघडा
मी मघाचा प्रश्न मागे घेतो.

बुशवाला
मंडळी, दोन महिन्यांनी धागा वर काढतोय. तुमच्या सांगण्यावरून प्लॅन बदलला. 300 चा लॉट काढला, चार पोकळ्या घेतल्या, काठावरचे नग घेतले, दोन गाड्यांत मुरवलेले बुश. रूट तीन: चाकण–शिक्रापूर, माळशेज घाटातून मुरबाड, आणि ताम्हिणीतून कोकण. एक्स्प्रेसवे फक्त परत येताना. साहेब थोडे रुसले, पण 22 चा आकडा चालला.

आता वाईट बातमी. 9,000 किमीला दोन गाड्यांचे चारही बुश फाटले. त्यातली एक मुरवलेल्या बुशची, दुसरी ताज्या. चारही नग वेगवेगळ्या पोकळ्यांतले. बाकीच्या चार गाड्यांना ओरखडासुद्धा नाही. केमिस्ट म्हणतो मिश्रण बरोबर आहे. साहेब म्हणतात ट्रायल थांबवा. काय करू?

शिफ्ट_बी
त्या दोन गाड्यांचे बुश बसवले कुणी?

बुशवाला
आमच्याकडे जागा नव्हती म्हणून त्या दोन बाहेरच्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतल्या. बाकीच्या चार आमच्या पिटवर.

शिफ्ट_बी
लिफ्टवर?

बुशवाला
हो. का?

तेलकट_हात
सापडलं. शिफ्ट_बी, तुमच्या पाया पडतो.

बुशवाले, गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लोंबतात, आर्म खाली वाकलेला असतो. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला की आतली नळी तिथेच पकडली जाते. गाडी जमिनीवर टेकली की आर्म वर येतो आणि रबर आधीच पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. वरून खड्डा आला की अजून पिळ. बोल्टचा शेवटचा टॉर्क (ठरलेल्या जोराची आवळणी) गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच द्यायचा असतो. तुमच्या पिटवर गाडी चाकांवरच उभी होती, म्हणून तिथे नेमकं तेच झालं.

बुशवाला
काल संध्याकाळी खात्री करून घेतली. बसवताना आतल्या नळीवर आणि आर्मवर मिळून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ मारलेली होती, बोल्ट ढिला होतोय का बघायला. पिटवरच्या गाड्यांत गाडी जमिनीवर असताना रेघ सरळ. गॅरेजच्या गाड्यांत रेघ मधेच तुटलेली. कोनमापक लावला तर 18 अंश. उभ्या गाडीत. दोन महिने ती रेघ रोज फोटोत येत होती आणि आम्ही बोल्ट हलला नाही म्हणून 'ओके' लिहीत होतो.

साहेब खूश. म्हणतात, पार्टची चूक नाही, त्या दोन गाड्या हिशेबातून काढून टाका.

एनव्हीएच_ताई
काढू नका! सर्व्हिस सेंटरमध्ये रोज बुश कसे बसवतात? लिफ्टवरच. तुमचा जुना बुश त्या चुकीतही किती टिकायचा? तो 30,000 काढत असेल आणि नवा 9,000, तर मऊ मिश्रणाची किंमत कुणीतरी मोजणार आहे.

गणिती_गाढव
अनुमोदन. आयुष्याच्या हिशेबात त्या दोन गाड्या वेगळ्या ठेवा, पण वहीतून खोडू नका. जुने बुश मुद्दाम लिफ्टवर आवळून रिगवर लावा, शेजारी नवे. आठवड्यात कळेल.

बोनेट_उघडा
आणि असेंब्ली लाइनवर शेवटचा टॉर्क कधी देतात, तेही कस्टमरला विचारा. तिथेही आर्म लोंबत असेल तर दिवाळी तुमची नाही, वकिलाची.

बुशवाला
कस्टमरच्या लाइनला गुरुवारी चाललोय, स्वतः बघतो. रिगवर जुने चार, नवे चार, सगळे 18 अंश पिळून लावायला सांगितलेत. फाटलेल्या गाड्यांत नवे बुश बसवून, जमिनीवर आवळून, शून्यापासून परत सुरू. त्या दोन गाड्यांचे 40,000 होणार नाहीत, 20,000 होतील. तेवढं कस्टमरला लेखी कळवलंय. विम्याचं पत्रही आलं.

मूळ प्रश्नाचं उत्तर अजून अर्धंच मिळालंय, पण 'किती किलोमीटर' असं विचारणं मी सोडलंय. गुरुवारनंतर लिहितो.

शिफ्ट_बी
नव्या बुशवर रेघ पांढरी मारा. ताम्हिणीच्या चिखलात पिवळी दिसत नाही.